समशेर : सिंहाच्या नखाची गोष्ट आणि एका फार्सी शब्दाचा खरा प्रवास

अक्षरवेल :

गेल्या महिन्यात एका वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन पाहत असताना एका वक्र तलवारीखाली लावलेल्या पाटीवर असे वाचले की, ‘शमशेर’ हा शब्द ‘शम’ म्हणजे नख आणि ‘शेर’ म्हणजे सिंह या दोन शब्दांपासून बनला असून तलवारीचे पाते सिंहाच्या नखासारखे वाकलेले असल्याने तिला हे नाव पडले. हीच फोड मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कोणी नखाऐवजी शेपूट सांगतो, एवढाच फरक. तिच्यात चित्र आहे, शौर्य आहे, आणि ती चटकन पटतेही. पण ती चुकीची आहे असे माझे ठाम मत झाले आहे. का, ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट कालक्रमाची. हा शब्द आजच्या फार्सीत जन्मलेला नाही. सासानी राजवटीच्या म्हणजे इसवी सन २२४ ते ६५१ या काळातील जी मध्य फार्सी, जिला आपण पहलवी म्हणतो, तिच्यात तो ‘शमशेर’ असा जवळपास आजच्याच रूपात आढळतो. याउलट सिंहाला त्या भाषेत ‘शेर’ म्हणतच नसत. सिंहाचा शब्द होता ‘शग्र’. मधला ‘ग’ पुढे झिजला, त्याच्या मागचा ‘अ’ लांबला आणि ‘शग्र’चा ‘शेर’ झाला. हा एकट्या सिंहाचा अपवाद नाही. बाणासाठी मध्य फार्सीत ‘तिग्र’ हा शब्द होता; त्यातलाही ‘ग’ असाच जाऊन ‘तीर’ झाला, आणि आपण मराठीत ‘तीर मारला’ म्हणतो तो हाच. म्हणजे ज्या काळी तलवारीला ‘शमशेर’ म्हणत होते, त्या काळी सिंहाला ‘शग्र’ म्हणत होते. तलवारीच्या नावात सिंह असता तर ते नाव ‘शमशग्र’ असायला हवे होते, आणि तसे ते कोठेही मिळत नाही. दोन्ही शब्दांची शेपटे सारखी दिसू लागली ती नंतर, निव्वळ योगायोगाने.

दुसरी गोष्ट शस्त्राची. सासानी तलवारी सरळ पात्याच्या होत्या. पश्चिम इराणातील तकिबुस्तानच्या शिल्पांत किंवा सासानी चांदीच्या तबकांवर राजाच्या कमरेला असलेली तलवार सरळच आहे. सरळ पात्याला वाकड्या नखाची उपमा कोण देईल? ज्या वक्रतेवर ही सारी फोड उभी आहे, ती वक्रताच शब्दाहून कित्येक शतकांनी धाकटी आहे.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. आज तेहरानमध्ये या तलवारीला ‘शमशीर’ म्हणतात, तर आपण ‘समशेर’ किंवा ‘शमशेर’ म्हणतो. आपले रूप बिघडलेले आणि त्यांचे शुद्ध, असा समज मी अनेकांच्या लेखनात पाहिला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. अभिजात फार्सीत ‘ए’ आणि ‘ई’ हे दोन निराळे दीर्घ स्वर होते. इराणमध्ये पुढे दोन्ही मिसळून ‘ई’ उरला. अफगाणिस्तानात आणि हिंदुस्थानात आलेल्या फार्सीत मात्र भेद टिकला. म्हणून इराणी माणूस सिंहालाही ‘शीर’ म्हणतो आणि दुधालाही ‘शीर’ म्हणतो. आपल्याकडे सिंह ‘शेर’ आहे आणि दूध ‘शीर’. ईदच्या शीरखुर्म्यातील ‘शीर’ हेच ते दूध, संस्कृत ‘क्षीर’चे सख्खे भावंड. समशेरीतला आपला ‘ए’ हा जुना, जपलेला स्वर आहे.


घाटमाथा :

लेख आवडला, तरी दोन शंका नोंदवतो. एक, ही फोड केवळ आपल्याकडच्या पाटीवाल्यांची नाही. जुने फार्सी कोशकारही ती देतात, आणि ती मंडळी आपल्यापेक्षा फार्सी अधिक जाणत होती. दुसरी शंका अधिक महत्त्वाची. पहलवी लिपी ही अत्यंत जुनाट वळणाची लिपी आहे, हे सर्वज्ञात आहे. तिच्यात शब्द जसा उच्चारला जाई तसा न लिहिता पूर्वापार चालत आलेल्या वर्णांनी लिहीत. मग ‘शग्र’ हे केवळ कागदावरचे रूप असून सासानी काळातील माणूस तोंडाने ‘शेर’च म्हणत असेल, असे का मानू नये?


अक्षरवेल :

दुसरी शंका रास्त आहे, किंबहुना हा मुद्दा मीच मूळ लेखात मांडायला हवा होता. केवळ पहलवी ग्रंथांवर भिस्त ठेवली असती तर आपला आक्षेप मला खोडता आला नसता. परंतु मध्य फार्सी आणि तिची वायव्येची बहीण पार्थियन या दोन्ही भाषा आपल्याला आणखी एका लिपीत मिळाल्या आहेत. मानी या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ स्वतंत्र लिपीत लिहिले, आणि ती लिपी बऱ्याच अंशी उच्चाराला धरून चालते. मध्य आशियातील तुर्फानच्या परिसरात १९०२ ते १९१४ या काळात जर्मन मोहिमांना या ग्रंथांची असंख्य पाने सापडली. त्यांत मध्य फार्सीत सिंह ‘शग्र’ असाच, ‘ग’सह लिहिलेला आहे. पार्थियनमध्ये तर तो ‘शर्ग’ आहे. आणि त्याच पार्थियनमध्ये तलवार कशी आहे? ‘सफ्सेर’. ‘शर्ग’ आणि ‘सफ्सेर’ शेजारी ठेवून पाहा; सिंहाचा तलवारीशी दुरूनही संबंध लागत नाही.

‘सफ्सेर’ या रूपाने ‘शम’चाही निकाल लागतो. शब्दाच्या मध्यभागी ‘म’ हाच मूळ वर्ण असता तर शेजारच्या भाषांतही ‘म’ दिसला असता. पण पार्थियनमध्ये तेथे ‘फ’ आहे. सिरियाक भाषेत हा शब्द ‘सफ्सेरा’ म्हणून गेला, तेथेही ओष्ठ्य म्हणजे ओठांनी उच्चारायचा वर्ण आहे पण ‘म’ नाही. आर्मेनियन भाषेतील तलवारीचा ‘सुसेर’ हा शब्दही इराणी भाषांतूनच गेलेला असून त्यात ‘म’चा मागमूस नाही.

सर्वांत जुनी साक्ष ग्रीक भाषेत आहे, आणि तिच्यामागे एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. उत्तर मेसोपोटेमियात, आजच्या अर्बिल शहराच्या भोवती, अदियाबेने नावाचे एक छोटे राज्य पार्थियन सम्राटांच्या छायेखाली होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तेथील राजा वारला तेव्हा त्याने नेमलेला वारस इझातेस राजधानीत नव्हता. राणी हेलेनाने, तो परत येईपर्यंत गादी रिकामी राहू नये म्हणून, थोरला मुलगा मोनोबाझस याला तात्पुरते राज्यावर बसवले. त्याच्या मस्तकी राजपट्ट बांधला, वडिलांची मुद्रेची अंगठी दिली, आणि ‘त्यांच्याकडे जिला साम्प्सेरा म्हणतात’ ती वस्तूही दिली. ज्यू इतिहासकार जोसेफस याने इसवी सन ९३-९४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात हा प्रसंग सांगितला आहे. ग्रीक वाचकाला शब्द अपरिचित असणार हे जाणून त्याने तो मुद्दाम परका म्हणून नोंदवला. राजपट्ट, मुद्रा आणि समशेर ही राजसत्तेची तीन चिन्हे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी एका ओळीत आली आहेत. ग्रीक रूपात ‘म’ दिसतो खरा, पण तेथेही तो एकटा नाही, त्याला लागून ‘प’ आहे. आणि ग्रीक लिपीतही तेथे दीर्घ ‘ए’चाच वर्ण आहे, हे ‘शमशीर’ शुद्ध मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पहिल्या शंकेविषयी थोडक्यात. त्या कोशकारांच्या फार्सीवरील प्रभुत्वाविषयी दुमत नाही. फार्सीचे कित्येक थोरले कोश तर हिंदुस्थानातच रचले गेले. ‘बुर्हान-इ-काति’ हा कोश सतराव्या शतकाच्या मध्यास गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुत्बशाहाच्या आश्रयाने तयार झाला. पण त्यांना मानीच्या अनुयायांची पाने उपलब्ध नव्हती, आणि व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचे दिसतील तसे तुकडे पाडणे अशीच तेव्हाची रीत होती. आपल्याकडच्या निरुक्तकारांनीही तसे पुष्कळ केले आहे. शिवाय इराणच्या राजचिन्हात सिंहाच्या पंजात नंगी समशेर आणि पाठीमागे सूर्य हे चित्र काजार राजवटीत रूढ झाले आणि १९७९ पर्यंत ते ध्वजावर होते. डोळ्यांसमोर रोज सिंह आणि समशेर एकत्र असताना ही फोड लोकांच्या मनात पक्की बसली, यात नवल नाही.


पाटीपुस्तक :

‘सफ्सेर’ वाचून एक विचार मनात आला. मराठीत ‘शमशेर’पेक्षा ‘समशेर’ हे रूप अधिक चालते आणि त्याच्या आरंभी ‘स’ आहे. पार्थियन रूपातही आरंभी ‘स’ आहे. तेव्हा आपल्याकडे हा शब्द पार्थियन किंवा पहलव काळातच, म्हणजे सातवाहनांच्या सुमारास पश्चिम किनाऱ्याने आला असणे शक्य नाही का? तसे असेल तर तो मुसलमानी राजवटींच्या बराच आधीचा ठरेल.


मोडीप्रेमी :

मोहक कल्पना आहे, पण ती टिकणार नाही असे वाटते. ‘समशेर’मधील पहिलाच वर्ण ‘स’ आहे, दुसरा ‘शे’च राहिला आहे. पार्थियन रूपात दोन्ही ठिकाणी ‘स’ आहे आणि मध्ये ‘फ’ आहे. मराठी रूपातला ‘म’ आणि दुसरा ‘श’ हे दोन्ही सरळ फार्सी ‘शमशेर’कडे बोट दाखवतात. दोन ‘श’ लागोपाठ उच्चारणे जिभेला जड जाते, म्हणून पहिल्याचा ‘स’ झाला. फार्सीतून आलेल्या ‘शरबत’चेही आपण ‘सरबत’ केले, त्यासाठी पार्थियनांपर्यंत जावे लागत नाही.

शब्द येण्याचा मार्गही स्पष्ट आहे. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले, त्याच्या दरबारात इराणातून आलेल्या सरदारांचा आणि विद्वानांचा मोठा वर्ग होता, आणि पुढे आदिलशाही, निजामशाही व कुतुबशाही या राजवटींत मराठे सरदार पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करत होते. फौजेची भाषा फार्सीमिश्रित होती. फौज, सरदार, हवालदार, शिपाई, शिलेदार, तोफ हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने समशेर आली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देताना एक संपूर्ण ‘शस्त्रवर्ग’ करावा लागला, यावरूनच शस्त्रागारात फार्सी किती खोल शिरली होती ते कळते.


अक्षरवेल :

मोडीप्रेमी यांच्याशी पूर्ण सहमत. पाटीपुस्तक यांना एवढेच सुचवतो की इराणी आणि भारतीय शस्त्रनामांचे खरोखर प्राचीन नाते पाहायचे असेल तर ते समशेरीत नव्हे, ‘तेग’ या दुसऱ्या फार्सी शब्दात पाहावे. शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांच्या नावात तो आहे. ‘तेग’चे मूळ तीक्ष्णपणा दाखवणाऱ्या जुन्या इराणी धातूत आहे, आणि संस्कृतातील ‘तिग्म’ व ‘तेज’ हे त्याचेच आप्त आहेत. वर आलेला ‘तीर’ही त्याच कुळातला. हे नाते उसनवारीचे नसून दोन्ही भाषा एका घरच्या असल्यामुळे आहे. समशेरीला असे संस्कृत भावंड सापडत नाही.


खड्गपाणि :

मी जुन्या शस्त्रांचा अभ्यासक आहे, भाषेचा नाही. म्हणून वस्तूविषयी लिहितो. सासानी तलवारी सरळ पात्याच्या होत्या, हे मूळ लेखातील विधान अधोरेखित करण्यासारखे आहे. फार्सीत ‘शमशीर’ म्हणजे कोणतीही तलवार, सरळ असो वा वाकडी. फिरदौसीच्या महाकाव्यातील वीर ज्या तलवारी उपसतात त्यांनाही हाच शब्द आहे, आणि ते काव्य १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. आज संग्राहक आणि लिलाववाले ‘शमशीर’ म्हणून ज्या एका विशिष्ट घडणीच्या तलवारीला ओळखतात, तो अर्थ युरोपीय संग्राहकांनी आवळून घेतलेला आहे.

ती विशिष्ट तलवार मात्र देखणी असते यात शंका नाही. पाते अरुंद, मुठीपासून काही अंतर सरळ जाऊन मग खोल वळणारे आणि टोकाकडे निमुळते होत जाणारे. मूठ साधी, दोन बाजूंस हस्तिदंताच्या किंवा शिंगाच्या पट्ट्या, आणि मुठीचे टोक एका बाजूला झुकलेले. आडवी पट्टी सरळ. आपल्या तलवारीच्या मुठीला खाली जी वाटोळी चकती असते, ती हिला नसते. या एका खुणेवरून दालनात उभ्या उभ्या फरक ओळखता येतो. घोड्यावरून धावत जाताना ओढून वार करायला हे वळण उपयोगी पडते, भोसकायला तितकेसे नाही. वळणदार तलवारी मध्य आशियातील तुर्की घोडेस्वारांबरोबर पश्चिमेकडे पसरल्या आणि हे खोल वळण इराणात सफवी काळात, विशेषतः पहिल्या शाह अब्बासच्या (१५८८ ते १६२९) सुमारास भरास आले. त्याच काळाशी असदुल्ला इस्फहानी या लोहाराचे नाव जोडले जाते. त्याची मुद्रा इतक्या निरनिराळ्या काळांतील पात्यांवर आहे की सगळी एकाच माणसाची असणे अशक्य आहे. ते नाव पुढे दर्जाची खूण म्हणून ठोकले जाऊ लागले.

आता ज्या गोष्टीविषयी मला मनापासून आस्था आहे ती. उत्तम इराणी पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते तिला ‘जौहर’ म्हणतात. ‘जवाहीर’ हा आपला शब्द त्याच घराण्यातला. ती नक्षी वरून काढलेली नसते. लोखंड आणि कर्ब देणारी लाकडे-पाने मातीच्या बंद मुशीत घालून तापवल्यावर जे पोलाद तयार होते, त्याच्या घडणीतच ती असते आणि पाते घडवून झाल्यावर आम्ल लावले की उमटते. हे मुशीतले पोलाद इराणातही होत असे, परंतु त्याच्या वड्या मोठ्या प्रमाणावर दक्षिण हिंदुस्थानातून आणि श्रीलंकेतून जात. आजच्या तेलंगणातील निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम या गावी इराणी व्यापारी पोलाद निवडून घ्यायला स्वतः येऊन राहत, याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी या भूगर्भशास्त्रज्ञाने केली आहे. शब्द इराणातून दख्खनकडे आला आणि त्या शब्दाची धातू दख्खनमधून इराणकडे गेली. संग्रहालयाच्या पाटीवर सिंहाच्या नखाऐवजी हे लिहिले असते तर पाहणाऱ्याला आपल्या भूमीचे काही कळले असते.


घाटमाथा :

माझ्या दोन्ही शंका फिटल्या. आणखी विचारतो : इंग्रजीतील ‘सिमिटर’ (वक्र तलवार) हा शब्द समशेरीवरूनच आला असे सर्रास लिहिलेले आढळते. तसेच कोसॅक स्वारांची ‘शाश्का’ आणि अरबी ‘शम्स’ म्हणजे सूर्य, यांचा काही संबंध आहे काय?


अक्षरवेल :

‘शम्स’चा संबंध नाही, तो सेमिटिक कुळातील शब्द आहे आणि हिब्रूतील ‘शेमेश’ त्याचाच भाऊ. ‘शाश्का’ हा कॉकेशसमधील अदिघे लोकांच्या भाषेतून रशियनमध्ये गेला असून त्याचा मूळ अर्थ ‘मोठी सुरी’ असा आहे. दोन ‘श’ ऐकू आले म्हणून नाते जोडू नये.

‘सिमिटर’चे प्रकरण इतके सरळ नाही. पंधराव्या शतकात तो शब्द फ्रेंच आणि इटालियन भाषांत उगवतो. इटालियनमध्ये त्याचे रूप ‘शिमितार्रा’. आरंभीचे ‘शम’ आणि ‘शिम’ जुळतात म्हणून समशेरीकडे बोट दाखवले जाते, पण ‘शेर’चा ‘तार्रा’ कसा झाला हे कोणालाही समाधानकारक सांगता आलेले नाही. युरोपात असा शब्द अरबी किंवा तुर्की मार्गाने पोचावा अशी अपेक्षा असते, आणि त्या दोन भाषांचे रोजचे शब्द वेगळेच आहेत : अरबीत ‘सैफ’, तुर्कीत ‘किलिच’. म्हणून जबाबदार कोश त्याची व्युत्पत्ती अनिश्चित म्हणून सोडून देतात आणि मीही तेथेच थांबतो.

शस्त्र मात्र युरोपात निःसंशय पोचले. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये ममलुक घोडेस्वारांशी लढली, त्यानंतर त्यांच्या घडणीच्या वक्र तलवारी युरोपीय अधिकाऱ्यांत लोकप्रिय झाल्या, आणि १८३१ मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या जनरलांसाठी तीच धाटणी ठरवून दिली. तिला ‘ममलुक तलवार’ म्हणतात. वस्तू गेली, नाव तिच्याबरोबर गेले नाही.


सयाजीबाग :

मी बडोद्याचा मराठी माणूस. आमच्याकडे हा शब्द शस्त्र म्हणून कमी आणि किताब म्हणून अधिक ऐकला आहे. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम केला, त्याबद्दल शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेरबहादूर’ हा किताब दिला. दमाजी लवकरच वारले, पण किताब घराण्यात राहिला आणि ‘सेनाखासखेल समशेरबहादूर’ ही बिरुदावली सयाजीराव महाराजांच्या नावापर्यंत चालत आली. बडोद्याच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांवर घोड्याचा खूर आणि त्याच्याजवळ वक्र तलवार आहे. लहानपणी आजोबा ते नाणे दाखवून ‘ही आपली समशेर’ असे म्हणत. ‘बहादूर’ हा शब्द मंगोल-तुर्की ‘बगातुर’वरून आला आहे, असे वाचल्याचे आठवते. म्हणजे मराठा छत्रपतींनी मराठा सरदाराला दिलेल्या किताबात एक शब्द इराणचा आणि एक मध्य आशियाच्या गवताळ रानांतला.

याच नावाचा दुसरा माणूस कोणाही मराठी वाचकाला ठाऊक आहे : बाजीराव आणि मस्तानी यांचा १७३४ मध्ये जन्मलेला मुलगा समशेरबहादूर. तो १७६१ च्या पानिपतात जखमी झाला आणि भरतपूरच्या मुलखात वारला. त्याच्या मुलाने, अलीबहादूराने, पुढे बुंदेलखंडात बांद्याची गादी स्थापली, आणि नातवाचे नाव पुन्हा समशेरबहादूरच होते.


मोडीप्रेमी :

यात नेपाळची भर घालतो. तेथे हा शब्द एका संपूर्ण शाखेचे नाव होऊन बसला. जंगबहादूर राणांचे धाकटे बंधू धीर शमशेर यांच्या मुलांनी १८८५ मध्ये पंतप्रधान रणोद्दीप सिंह यांची हत्या करून सत्ता घेतली, आणि बीर शमशेर, चंद्र शमशेर, जुद्ध शमशेर अशी ही ‘शमशेर’ मंडळी १९५१ पर्यंत पंतप्रधानपद आपल्या घरात राखून होती. नेपाळीतही ‘शे’च आहे, ‘शी’ नाही. अक्षरवेल यांचा स्वराचा मुद्दा तेथेही लागू पडतो.


पाटीपुस्तक :

माझी कल्पना मागे घेतो. एक शेवटचा प्रश्न. फार्सीत शब्दांना लिंगच नाही. मग मराठीत ‘ती समशेर’ कशी झाली?


अक्षरवेल :

माझ्या मते ‘तलवार’मुळे. संस्कृत ‘तरवारि’वरून आलेली तलवार मराठीत आधीपासून स्त्रीलिंगी होती, तिचेच लिंग नव्या शब्दाने घेतले. उर्दूतही हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि तेथेही तलवार स्त्रीलिंगीच आहे. त्याच न्यायाने क्रियापदेही आली : तलवार गाजवतात, तशी समशेर गाजवतात, तलवार म्यान करतात, तशी समशेरही म्यान करतात, आणि ते ‘म्यान’सुद्धा फार्सीच.

घाटमाथा यांच्या आक्षेपामुळे मूळ लेखात मानी-लिपीच्या साक्षीचा परिच्छेद घालणे भाग आहे. तो आज रात्री घालतो. खड्गपाणि यांनी कोनासमुद्रमविषयी लिहिलेला मजकूर त्यांची संमती असल्यास मराठी आणि इंग्रजीत टंकून त्या संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्राने पाठवावा असे मनात आहे. पाटीवर ‘शम’ आणि ‘शेर’ यांच्या जागी काय लिहावे, याचा दोन-तीन ओळींचा मसुदा येथेच द्यावा, म्हणजे सर्वांना तपासता येईल.


खड्गपाणि :

संमती आहे. मसुदा असा : ‘समशेर. इराणी घडण, पोलादी जौहरदार पाते. मध्य फार्सीतील शमशेर या शब्दाचा अर्थ कोणतीही तलवार. अशा पात्यांसाठी लागणारे पोलाद दख्खनमधूनही इराणात जात असे.’ पात्यावर मुद्रा असल्यास ती मला दिसेल अशा छायाचित्राची विनंतीही पत्रात जरूर करावी.